दारावरचं दार

आमच्या जुन्या स्वयंपाकघरातला ओटा ३२ इंच उंचीचा होता. खाली कडप्प्याचे उभे खण, वर काळा ग्रॅनाइट, खणांना सनमायका लावलेली दारं. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत असे ओटे घरोघर दिसतात आणि ते अजून भक्कम आहेत. पण आम्हाला डिशवॉशर घ्यायचा होता, बाहेरच्या खोलीतला फ्रिज आत आणायचा होता, आणि ही दोन्ही यंत्रं कपाटांसारख्याच दारांमागे जावीत अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा होती. स्वयंपाकघर लहान असलं की स्टीलचा एक चौकोन, पांढरा एक चौकोन आणि मध्ये लाकडी रंगाची दारं, असे तुकडे डोळ्यांना टोचतात. एकाच रंगाची, एकाच रेषेत उतरणारी दारं लावली की तीच खोली मोकळी वाटते. ही हौस मला आजही रास्त वाटते.

पॅनेलचा, म्हणजे यंत्राच्या दारावर बसणाऱ्या या दाराचा, विषय काढला की ठेकेदार, किचनचं दुकान आणि सुतार, तिघांचंही उत्तर एकच असायचं: "त्याचं काय ताई, ते शेवटी लावून टाकू." त्याप्रमाणे आधी ओटा झाला, मग फरशी, मग कपाटं, मग यंत्रं आली आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. पुढचे कित्येक आठवडे आम्ही केलेलं काम उकलत बसलो. यंत्र ओट्याखाली शिरेना, शिरलं तेव्हा दार अर्ध्यात अडलं, दार उघडलं तेव्हा ते हातात न राहता खाली आदळू लागलं, आणि फ्रिज दिवसरात्र घरघरत राहिला. यातली एकही गोष्ट दैवगतीने घडलेली नव्हती. प्रत्येकीचं कारण यंत्रासोबत आलेल्या पातळ पुस्तिकेत आकडा देऊन छापलेलं होतं. पण पुस्तिका खोक्यात होती आणि खोकं आलं तेव्हा ओटा होऊन गेला होता.

त्यानंतर नात्यात, शेजारात, ओळखीत कुणी स्वयंपाकघर काढलं की मी आवर्जून एक गोष्ट सांगते. पॅनेल हा त्या यंत्राचा चालता भाग आहे. डिशवॉशरच्या दाराची स्प्रिंग त्याचं वजन तोलते, फ्रिजची बिजागरी त्याच्यासकट फिरते, फ्रिजची हवा त्याच्या खालून आत जाते आणि वरून बाहेर पडते. म्हणून पॅनेलचा विचार ओट्याच्याही आधी व्हायला हवा. आधी यंत्राचं मॉडेल ठरवा, त्याची बसवण्याची पुस्तिका मिळवा. बहुतेक कंपन्या ती खरेदीआधीही देतात. मग ओट्याची उंची ठरवा.

उंचीचा हिशोब मी आमच्याच घराचा देते, म्हणजे पाच मिलिमीटर किती महाग पडतात ते कळेल. ओट्याखाली बसणारे ६० सेंटिमीटर रुंदीचे डिशवॉशर साधारण ८१५ मिलिमीटर उंचीचे असतात आणि पाय फिरवून ८७५ पर्यंत वर घेता येतात. ८१५ च्या खाली ते जात नाहीत. आमचा नवा ओटा ३४ इंचांचा ठरला, म्हणजे ८६३ मिलिमीटर. वरून पाहिलं तर भरपूर जागा. पण ही उंची ग्रॅनाइटच्या वरच्या पृष्ठाची. ग्रॅनाइटचे २० मिलिमीटर गेले, त्याखाली टाकलेल्या प्लायचे १८ गेले. राहिले ८२५. इथवरही चाललं असतं. मात्र जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी चिकटवायची असं मधेच ठरलं, आणि टाइल व चिकटवण मिळून जमीन सुमारे १५ मिलिमीटर वर आली. उरले ८१०. यंत्र ओट्याच्या तोंडाशी येऊन थांबलं.

शेवटी त्या दोन फुटांतली ग्रॅनाइटखालची प्लाय कापून काढली. दोन्ही बाजूंच्या आधारांवर दगड टेकलेला असल्याने धोका नव्हता, तरी कापताना दगडाला तडा जाईल या भीतीने सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. जुन्या ३२ इंची ओट्यात तर हे जमतच नाही: वरून खालपर्यंत मिळून ८१३ मिलिमीटर, त्यातून दगड वजा. ज्यांना जुना ओटा ठेवूनच डिशवॉशर बसवायचा आहे त्यांनी हा हिशोब यंत्राचे पैसे भरण्यापूर्वी करावा. ओटा नवा बांधत असाल तर तयार फरशीपासून दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत ८३० ते ८४० मिलिमीटर मोकळे मिळतील असं पाहा; उंच माणसांच्या घरात थोडे जास्तही चालतील. आणि माप चारही कोपऱ्यांत घ्या. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. दोन फुटांत तो डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राला कळतो.

आता रुंदी. इथे खरा पेच मापाच्या भाषेचा आहे. आपले सुतार इंच आणि सुतात मोजतात, एका इंचाचे आठ सूत. यंत्राची पुस्तिका मिलिमीटरमध्ये बोलते. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडं जास्त. चांगल्या किचनमध्ये दोन दारांमधली फट तेवढीच, तीन मिलिमीटरांची असते. म्हणजे सुतार जेव्हा "एक सूत इकडेतिकडे होणारच" म्हणतो तेव्हा तो अख्खी फट इकडेतिकडे करत असतो. बैठकीतल्या कपाटाला ते खपून जातं, इथे खपत नाही.

आमच्या सुतारदादांनी यंत्रासाठी दोन फुटांची जागा सोडली होती. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. यंत्राला हवी होती ६००. ते जवळपास १० मिलिमीटर पॅनेलच्या दोन्ही बाजूंना वाटले गेले आणि सगळ्या रांगेत त्या एकाच दाराभोवती काळ्या रेघा दिसू लागल्या. त्या बुजवायला बाजूच्या कपाटांना त्याच सनमायक्याच्या बारीक पट्ट्या ठोकाव्या लागल्या. दादा कारागीर उत्तम होते, त्यांचा हात मी आजही वाखाणते. त्यांच्या हातात कागद चुकीच्या मापाचा गेला. तेव्हापासून मी सांगते की किचनचं संपूर्ण चित्र मिलिमीटरमध्येच काढून घ्या आणि सुताराला मिलिमीटरचा टेप घेऊन द्या. इंचांत भाषांतर करून देऊ नका. ५९५ मिलिमीटर म्हणजे २३ इंच आणि साडेतीन सुतांपेक्षा किंचित कमी. हा "किंचित" कुणाच्याच टेपवर नसतो.

हा ६० सेंटिमीटरांचा आकडा युरोपातून आला. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी एकसारख्या मापांचं छोटं स्वयंपाकघर आखलं, त्यातून आजच्या बांधीव किचनची परंपरा सुरू झाली. पुढे तिकडे कपाटं बनवणारे आणि यंत्रं बनवणारे यांनी मापं जुळवून घेतली. त्याचं युरोपीय मानकही आहे, ईएन १११६. आपल्याकडे विकले जाणारे आत बसवायचे डिशवॉशर, ओव्हन, फ्रिज याच मापांत येतात. कडप्प्याचे खण मात्र फुटांत बांधलेले असतात. दोन वेगळ्या देशांच्या सवयी आपल्या ओट्याखाली समोरासमोर येतात आणि मधलं अंतर आपल्याला भरून काढावं लागतं.

वजनाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण तो विचार कुणीच करत नाही. डिशवॉशरचं दार खाली उघडतं. ते कुठल्याही कोनात सोडलं तरी तिथेच थांबावं यासाठी आत दोन स्प्रिंगा असतात आणि त्या पॅनेलच्या वजनाचा अंदाज धरून बनवलेल्या असतात. आमच्या पुस्तिकेत पॅनेलचं वजन जास्तीत जास्त साडेसात किलो असं स्पष्ट लिहिलं होतं. कमीत कमीही दिलं होतं, अडीच किलो. पॅनेल फार हलकं झालं तर दार आपसूक वर येतं. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, तो आपापल्या पुस्तिकेत पाहावा.

आमच्या दुकानाने सुचवलेली दारं होती १८ मिलिमीटर प्लायवर मागून रंग दिलेली ४ मिलिमीटर काच. दिसायला अप्रतिम. आता वजन काढू. काचेचं सोपं आहे: एक चौरस मीटर काचेला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो, म्हणजे ४ मिलिमीटरला १० किलो. आमचं पॅनेल ५९५ बाय ७४५ मिलिमीटर, म्हणजे ०.४४ चौरस मीटर. नुसती काच साडेचार किलोंच्या जवळ. प्लायचं वजन घनमीटरला ६५० किलो धरलं तर तेवढ्याच आकाराची १८ मिलिमीटर प्लाय पाच किलोंच्या वर जाते. बेरीज साडेनऊ किलो, त्यात हँडलची भर. दार अर्ध्यात सोडलं की धाडकन खाली यायचं. स्प्रिंग घट्ट करायचे स्क्रू दोन्ही बाजूंना पुढूनच फिरवता येतात. तंत्रज्ञाने ते शेवटपर्यंत फिरवले तरी फरक पडला नाही. घरात रांगतं मूल असतं तर काय झालं असतं या विचाराने मी त्याच संध्याकाळी ते पॅनेल उतरवायला लावलं.

नवं पॅनेल १६ मिलिमीटर प्लायचं केलं, दोन्ही बाजूंना १ मिलिमीटर सनमायका. पावणेसहा किलोंच्या आत बसलं आणि दार बोटाने ढकललं तरी जागच्या जागी थांबू लागलं. बाकीच्या काचेच्या दारांच्या रांगेत हे एकच सनमायक्याचं वेगळं दिसलं असतं, म्हणून खालच्या रांगेतल्या सगळ्या काचा काढून सगळीकडे सनमायका आला. वरच्या कपाटांना काच राहिली. हा खर्च जिवावर आला, पण दुसरा मार्ग नव्हता. एमडीएफ आणि एचडीएचएमआर हे पत्रे प्लायपेक्षा जड असतात हेही ध्यानात घ्या. एचडीएचएमआर ओलाव्यात टिकतो म्हणून हल्ली सगळे सुचवतात आणि ते खरंही आहे, पण त्यावर काच चढवली तर तोल पार जातो. पॅनेल तयार झालं की बसवण्याआधी प्रवासाच्या बॅगा मोजायच्या हुकवाल्या काट्यावर हँडलसकट मोजून घ्या.

पॅनेलला मागूनही सनमायका लावायचा का, यावर सुतार हमखास नाही म्हणतात, "मागचं कोण बघतं?" एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू उघडी असली की पावसाळ्यात दोन्ही बाजू सारखा ओलावा ओढत नाहीत आणि पत्रा धनुष्यासारखा वाकतो. साध्या कपाटाला वाक आला तर बिजागरी फिरवून थोडं निभावतं. यंत्राच्या दारावर चार ठिकाणी आवळलेलं पॅनेल वाकलं तर यंत्राच्या दारालाही ताण देतं. कोकणात किंवा मुंबईच्या खाडीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी तर मागचा सनमायका, चारही कडांना नीट चिकटवलेली पट्टी आणि आयएस ७१० शिक्क्याची प्लाय यांत काटकसर करू नये.

दार आदळण्याआधी ते अर्ध्यात अडलं होतं, ते स्कर्टिंगमुळे. स्कर्टिंग म्हणजे कपाटांच्या तळाशी जमिनीलगत असते ती आडवी पट्टी. डिशवॉशरचं दार खाली येतं तेव्हा पॅनेलचा वरचा भाग आपल्याकडे येतो आणि खालची कड आत, स्कर्टिंगच्या दिशेने वळते. पॅनेल जितकं लांब आणि स्कर्टिंग जितकं बुटकं, तितकी टक्कर नक्की. आमचं स्कर्टिंग ३ इंचांचं होतं. शेजारच्या दारांशी रेघ जुळावी म्हणून पॅनेल ७४५ मिलिमीटर लांब कापलं गेलं, आणि पुस्तिकेत मर्यादा ७२५ ची होती. दार अर्धं उघडून अडलं. ओढून पाहिलं तर पॅनेलच्या खालच्या कडेचा टवका उडाला.

नव्या पॅनेलची लांबी ७२० केली आणि खाली उरलेल्या जागेत त्याच सनमायक्याची पट्टी स्कर्टिंगला कायमची बसवली. उभं राहून पाहिलं तर जोड दिसत नाही, खाली बसून पुसताना दिसतो. स्कर्टिंग सगळीकडे आधीच ४ इंच, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर ठेवलं असतं तर हा प्रश्न उद्भवला नसता. ज्यांना बुटकं स्कर्टिंगच हवं असेल त्यांनी सरकत्या बिजागरीचं मॉडेल शोधावं. त्यात दार उघडताना पॅनेल थोडं वर सरकतं आणि खालची कड सुटते. हँडल नको, ओट्याखाली ॲल्युमिनियमची खाच हवी असं हल्ली अनेकांना वाटतं. त्या खाचेमुळे पॅनेल वरून तोकडं होतं. तुमच्या मॉडेलला किमान किती लांबीचं पॅनेल लागतं ते पाहूनच ती निवडा.

कोपऱ्यात यंत्र बसवणाऱ्यांना एक इशारा. इंग्रजी एल आकाराच्या ओट्यात डिशवॉशर अगदी कोपऱ्याला लागून ठेवला तर त्याचं दार काटकोनातल्या ड्रॉवरच्या हँडलवर आपटतं. मधे ५-७ सेंटिमीटरची पट्टी सोडली की प्रश्न मिटतो.

पॅनेल टांगण्यासाठी खोक्यात पूर्ण आकाराचा कागदी साचा येतो. तो पॅनेलच्या मागे चिकटवून भोकांच्या जागा टोचायच्या असतात. आमचा साचा पॅकिंगसोबत भंगारात गेला होता, तो सोसायटीच्या कचऱ्यातून परत आणला. खोकं उघडताना स्वतः हजर राहा आणि साचा, स्क्रूंची पिशवी व ओट्याखाली चिकटवायची वाफरोधक चकचकीत पट्टी हे तिन्ही बाजूला काढून ठेवा. भोक पाडताना ड्रिलच्या टोकाला रंगीत टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, १२ मिलिमीटर. १६ मिलिमीटर पॅनेलमध्ये थोडा जास्त जोर लागला की समोरच्या सनमायक्यावर फोड येतो आणि तो दुरुस्त होत नाही.

यंत्र वरून ओट्याला आवळायचं असतं, पण ग्रॅनाइटला स्क्रू बसत नाही. त्यासाठी बाजूच्या कपाटांना आवळायचे पत्र्याचे कान दिलेले असतात किंवा वेगळे मिळतात. ते न लावता यंत्र तसंच ठेवलं तर दोन्ही जाळ्या भांड्यांसह बाहेर ओढल्यावर ते पुढे कलतं, आणि मोठ्या कष्टाने जुळवलेली फट तिरकी होते. सॉकेट यंत्राच्या मागे नको. तिथली जागा प्लगला पुरत नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जोडणी शेजारच्या सिंकखालच्या कपाटात घ्या म्हणजे पाणी किंवा वीज बंद करायला पॅनेलला हात लावावा लागत नाही.

वाफरोधक पट्टीचं महत्त्व मला वर्षभराने समजलं, आमच्याकडे नाही तर शेजारी. धुणं संपल्यावर दार उघडलं की गरम वाफ वर ओट्याच्या कडेला आणि बाजूच्या कपाटांवर जाते. ग्रॅनाइटला काही होत नाही, पण त्यांच्या शेजारच्या शटरवर चढवलेली पीव्हीसीची पातळ कातडी कोपऱ्यातून सुटून वळली. डिशवॉशरच्या आजूबाजूला अशी कातडीची शटरं नकोतच.

फ्रिजचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण तिथे नुसती दाराची अडचण नसते, श्वासाची असते. आत बसवायचे म्हणून बनवलेले फ्रिज ५६० मिलिमीटर रुंद खणात बसतात. उंच मॉडेलला १७७५ मिलिमीटरच्या आसपास उंची लागते. त्यांची दारं दोन प्रकारे जोडतात. एकात पॅनेल थेट फ्रिजच्या दारावर पक्कं होतं आणि सगळा भार फ्रिजच्या बिजागरीवर येतो. दुसऱ्यात पॅनेल कपाटाच्या स्वतःच्या बिजागऱ्यांवर टांगतात आणि फ्रिजचं दार एका सरकत्या पट्टीने त्याला जोडलेलं असतं. आपल्या मॉडेलचा प्रकार ठाऊक नसताना सुताराने बिजागऱ्यांसाठी भोकं पाडली तर कपाट वाया जातं. पहिल्या प्रकारात पॅनेल जाड झालं की उघडताना त्याची कड शेजारच्या दाराला घासते. किती जाडीला किती फट लागते आणि कड किती गोल हवी याचं कोष्टक पुस्तिकेत असतं. आमचं २२ मिलिमीटरचं काचेचं पॅनेल असंच घासत होतं. १८ चं करून कडेला २ मिलिमीटरची गोलसर पट्टी लावल्यावर ते सुटलं.

घरघरीचं कारण हवा होती. अशा फ्रिजला खाली स्कर्टिंगमधून गार हवा आत आणि मागून वर जाऊन गरम हवा बाहेर, अशी वाट हवी. साधारण २०० चौरस सेंटिमीटर खाली आणि तेवढीच वर, आणि मागे ४-५ सेंटिमीटरची मोकळी पोकळी. २०० चौरस सेंटिमीटर म्हणजे ५० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर उंच खाच. ठेकेदाराने झुरळं येतील म्हणून खालची खाच बुजवली होती, आणि वर आपल्या पद्धतीप्रमाणे माळा होता, तोही बंद. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्या कोंडलेल्या खणात कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. माळ्याच्या तळाचा मागचा भाग कापून हवेला वर जाळीपर्यंत वाट दिली, खालची खाच उघडली. आठवड्यात आवाज बदलला. झुरळांसाठी जाळी जरूर लावा, मात्र बारीक जाळीत निम्मी जागा तारच खाते, म्हणून खाच त्या मानाने मोठी करा.

आणि आता जे सांगते ते कृपया हलक्याने घेऊ नका. आत बसवायचा फ्रिज महाग असतो आणि आतली जागा कमी, म्हणून अनेक घरांत घरातलाच साधा फ्रिज चौकटीत कोंडून त्याच्या दारावर पॅनेल चढवायचा घाट घालतात. ठाण्याला माझ्या नणंदेकडे हे काम चालू असताना मी पोचले, तर सुतार फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर ड्रिल टेकवून उभा होता. मी ओरडून थांबवलं. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते. म्हणून तर त्या बाजू हाताला गरम लागतात. त्या नळीत अनेकदा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. तो ज्वालाग्राही वायू आहे. भोक पडलं तर फ्रिज तर गेलाच, पण बंद खोलीत ठिणगीची गाठ पडली तर अनर्थ होईल. आपल्या फ्रिजमध्ये कोणता वायू आहे ते आतल्या किंवा मागच्या लेबलवर छापलेलं असतं. ते वाचा आणि फ्रिजच्या अंगाला स्क्रू, खिळा, ड्रिल यांतलं काहीही लावू देऊ नका.

चिकटवून लावतो म्हणणारेही भेटतात. साध्या फ्रिजची बिजागरी जादा वजनासाठी बनवलेली नसते. दार हळूहळू खाली बसतं आणि रबराची चुंबकी पट्टी एका कोपऱ्यात सुटते. दारात कागदाचा कपटा धरून ओढून पाहा. सहज निघून आला तर तिथून गारवा गळतो आहे. बाजू कोंडल्याने उष्णता अडते ते वेगळंच. माझं स्पष्ट मत असं की साधा फ्रिज असेल तर त्याला कंपनीने सांगितलेली मोकळी जागा चारही बाजूंनी सोडून, त्याच्या मूळ रंगात, उघडा राहू द्यावा. नणंदेने तेच केलं. बाजूला सनमायक्याच्या दोन उभ्या फळ्या, मधे हवा, समोर फ्रिजचा स्वतःचा चेहरा. छान दिसतं. माझ्या घरात आज निवड करायची असती तर मी डिशवॉशरला पॅनेल लावलं असतं आणि फ्रिजला नाही.

काम देताना आणखी एक व्यवहार. कंपनीचा तंत्रज्ञ म्हणतो पॅनेल आमच्याकडे येत नाही, सुतार म्हणतो यंत्राला मी हात लावणार नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधे पॅनेल जमिनीवर पडून राहतं. दोघांना एकाच सकाळी बोलवा. सुताराने पॅनेल टांगायचं, तंत्रज्ञाने स्प्रिंग जुळवायची आणि दोघांनी मिळून दार पूर्ण उघडून, अर्ध्यात सोडून, जाळ्या भरून ओढून दाखवायची. ते झाल्यावरच राहिलेले पैसे द्या, आणि हे आधीच कागदावर लिहून घ्या. दुरुस्तीच्या वेळी यंत्र बाहेर ओढावं लागणार आहे, त्यामुळे त्याच्या समोरचं स्कर्टिंग सिलिकॉनने चिकटवू देऊ नका, क्लिपवरच बसू द्या.

सनमायका घेताना हिशोब थोडा पुढचा करा. ८ बाय ४ फुटांच्या पत्र्यात, करवतीची झीज धरूनही, ५९५ मिलिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्या निघतात. एका पट्टीत फ्रिजची वरची-खालची दोन्ही दारं सलग निघतात, म्हणजे लाकडाची रेघ न तुटता खाली उतरते. दुसरीत डिशवॉशरचं पॅनेल आणि शेजारची दोन दारं. कोणत्या पट्टीतून काय कापायचं ते पत्र्याच्या मागे खडूने लिहून, वरची दिशा बाणाने दाखवून मगच करवतीखाली द्या. एकदा एक दार उलट्या रेघेचं कापलं गेलं की तसाच पत्रा पुन्हा शोधावा लागतो आणि पुढच्या खेपेचा रंग जुळेलच असं नाही. म्हणून त्याच खेपेतला एक पत्रा जास्तीचा घ्या. दहा-बारा वर्षांनी यंत्र बदलेल, नव्याच्या पॅनेलची लांबी थोडी वेगळी असेल, तेव्हा तो लागेल. माळ्यावर किंवा पलंगाखाली तो आडवा, सपाट ठेवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवलेल्या पत्र्याला एका पावसाळ्यात बाक येतो.